उत्क्रांतीवाचून मूत्रपिंड अर्धेच कळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा जीवशास्त्राचा अभ्यासक्रम हलका करावा आणि त्यासाठी शरीरक्रियाशास्त्राला हात न लावता उत्क्रांती व परिसंस्था या दोन घटकांना कात्री लावावी, अशी सूचना करणारा लेख आपल्या पत्रात वाचला. शरीरक्रियाशास्त्र पुढे वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण अशा सगळ्याच शाखांना उपयोगी पडते, उरलेले दोन घटक विद्यार्थ्याने घरी वाचले तरी चालतात, असा लेखकाचा युक्तिवाद आहे. हा प्रास्ताविक अभ्यासक्रम मी बरीच वर्षे शिकवतो आहे. तो फुगला आहे ही तक्रार मला मान्य आहे. कात्री कुठे लावायची याबद्दल मात्र माझे मत नेमके उलट आहे. ते मी मूत्रपिंड या एकाच अवयवाच्या आधारे मांडतो, कारण 'निव्वळ शरीरक्रिया' म्हणून जे काही शिकवले जाते त्यात या अवयवाचा क्रमांक बराच वरचा लागेल.

माणसाच्या दोन मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो आणि मूत्र म्हणून बाहेर पडतो तो त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर. रक्तातला प्लाझ्मा साधारण ३ लिटर धरला, तर तोच द्रव दिवसातून ६० वेळा गाळणीतून जातो असा हिशेब निघतो. हे आकडे मी फळ्यावर लिहितो, विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि सहसा तास पुढे सरकतो. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जवळजवळ सगळंच परत घ्यायचं असेल, तर आधी गाळायचं कशाला?" त्या तासाला पुढचा भाग झाला नाही.

शरीरक्रियाशास्त्राकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. ग्लोमेरुलस म्हणजे मूत्रपिंडातला, गाळणीचे काम करणारा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ; त्यातल्या रक्तदाबामुळे पाणी आणि लहान रेणू सरसकट बाहेर, पुढच्या बारीक नलिकेत, ढकलले जातात. शरीराला हवे असलेले ग्लुकोज, क्षार, अमिनो आम्ले आणि पाणी नलिकेच्या पेशी परत घेतात. नको असलेला पदार्थ, मग तो शरीराने पूर्वी कधी पाहिलेला नसला तरी, ओळख पटवण्याची गरज न पडता मूत्रात राहून जातो. ही सोय मोठीच आहे. पण तिची किंमतही तशीच आहे. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी भरणाऱ्या या जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा जातो आणि सोडियम परत खेचण्यासाठी तिला अखंड ऊर्जा खर्चावी लागते. इतकी खर्चिक पद्धत आली कुठून, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो माणसाच्या मूत्रपिंडाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी सुटत नाही. त्यासाठी माशांकडे जावे लागते.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असते, त्यामुळे कल्ल्यांवाटे पाणी सतत आत शिरत राहते आणि ते उपसून टाकणे हे त्याच्या मूत्रपिंडाचे पहिले काम ठरते. या कामाला भरपूर गाळणारी यंत्रणा अगदी योग्य आहे. समुद्रातल्या अस्थिमत्स्याची (हाडांचा सांगाडा असलेल्या माशाची) अडचण उलटी असते. त्याच्या शरीरातून पाणी निसटत असते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्याला गाळणीचा फारसा उपयोग नसतो, आणि टोडफिश, पाइपफिश यांसारख्या काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडांत ग्लोमेरुलस उरलेलाच नाही. त्यांचे मूत्र नलिकेच्या पेशींनी स्रवलेले असते. म्हणजे गाळल्याशिवायही मूत्रपिंड चालते! ग्लोमेरुलसचा उगम गोड्या पाण्यात पाणी उपसण्याच्या कामातून झाला असावा, ही शरीरक्रियाशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांची विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मांडणी पुढे वादाचा विषय झाली आणि आजही ती शेवटचा शब्द मानली जात नाही. पण जमिनीवर आलेल्या प्राण्यांनी नवे मूत्रपिंड घडवले नाही, पाण्यातून आणलेल्या गाळणीवरच पुढची बांधणी झाली, एवढे कळल्यावर त्या विद्यार्थिनीचा चेहरा उजळला, हे मला स्पष्ट आठवते.

आता परिसंस्थेकडे वळतो. हेन्लेचा लूप, म्हणजे नलिकेचा केसाच्या पिनेसारखा वळलेला आणि मूत्र तीव्र करण्यास मदत करणारा भाग, विद्यार्थ्यांना सर्वांत रूक्ष वाटतो आणि त्याची आकृती पाठ करण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. मी तो भाग तीन प्राण्यांपासून सुरू करतो. सदैव पाण्यात वावरणाऱ्या बीव्हरच्या मूत्रपिंडात हे लूप आखूड असतात आणि त्याचे मूत्र रक्ताच्या जेमतेम दुप्पट तीव्र होऊ शकते. माणसाला चौपटीपर्यंत जाता येते. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू रॅट हा उड्या मारत चालणारा छोटा कृंतक चौदा-पंधरा पटींपर्यंत पोहोचतो. मूत्रपिंडाच्या आकाराच्या मानाने त्याचे लूप फार लांब असतात. (आकाराच्या मानाने, हे शब्द गाळू नयेत, घोड्याचे लूप मोजपट्टीवर त्याच्याहून लांबच भरतील.) हा प्राणी कोरड्या बियांवर राहतो आणि पाणी न पिता जगू शकतो, कारण अन्नाच्या ज्वलनातून तयार होणारे पाणी त्याला पुरते. त्यामागे मूत्रपिंडाखेरीज दिवसा बिळात राहण्याची सवय आहे, आणि उच्छ्वासातली वाफ आतच थंड करून अडवणारे नाकही आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९४० च्या दशकात ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन हा ताळेबंद मांडला.

गोष्ट इथेही संपत नाही. त्याच ॲरिझोनाच्या आग्नेय भागात १९७७ साली सुरू झालेल्या एका प्रयोगात परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुंपणबंद भूखंडांतून तिथल्या कांगारू रॅटच्या तिन्ही जाती हटवल्या. बारा वर्षांनी त्या भूखंडांवरचे झुडपी वाळवंट गवताळ झाले होते. मोठ्या बिया वेचून खाणारा आणि माती उकरणारा प्राणी गेल्यावर वनस्पतींचा तोलच बदलला. पाणी न पिता बियांवर जगू देणारे मूत्रपिंड आणि त्या रानाचे रूप यांच्यातला हा धागा एकदा हाती लागला की हेन्लेचा लूप विद्यार्थ्यांना वेगळ्याने पाठ करावा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की अशी उदाहरणे शरीरक्रियेच्या प्रकरणातच चौकटीत टाकता येतील, त्यासाठी उत्क्रांतीचे स्वतंत्र शिक्षण कशाला. तसे केल्यावर काय होते, ते उत्तरपत्रिकांत दिसते. "वाळवंटात पाणी कमी असते म्हणून कांगारू रॅटचे लूप लांब झाले" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे की त्यातल्या 'म्हणून' या शब्दाचाच मला राग येऊ लागला आहे. गरज निर्माण झाली आणि अवयवाने ती भागवली, असा त्या वाक्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात आधीपासून असलेल्या वैविध्यातून ज्यांचे लूप किंचित लांब होते त्यांची पिल्ले अधिक जगली आणि हे असंख्य पिढ्या चालले. नैसर्गिक निवड, आनुवंशिक वैविध्य, समष्टी (एका जातीच्या एकत्र राहणाऱ्या प्राण्यांचा समूह) या कल्पना स्वतंत्रपणे आणि सावकाश शिकवल्याशिवाय तो 'म्हणून' जात नाही. चौकटीतल्या उदाहरणाने तर तो आणखी घट्ट बसतो. जीवशास्त्रात 'कसे' आणि 'का' ही दोन वेगळी कारणे असतात, हे उत्क्रांतीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ मध्ये नीट मांडून ठेवले आहे, आणि लेखकाच्या सूचनेप्रमाणे वागलो तर आपण विद्यार्थ्याला फक्त 'कसे' देणार आहोत.

उपयुक्ततेचा मुद्दाही मला लंगडा वाटतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज हे विकर (एन्झाइम) यूरिक आम्लाचे पुढे विघटन करते. माणूस आणि त्याचे जवळचे नातेवाईक असलेले कपी यांच्यात या विकराचे जनुक आहे, पण ते निकामी झालेले आहे. त्यामुळे आपल्या रक्तात यूरिक आम्ल तुलनेने जास्त राहते, आणि ते प्रमाणाबाहेर वाढून सांध्यांत त्याचे स्फटिक साचले की गाऊट हा सांधेदुखीचा आजार होतो. काही रुग्णांना तर हेच विकर औषध म्हणून टोचले जाते. शरीरातली प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी फायद्यासाठीच घडलेली असते, असा समज घेऊन वैद्यकाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे मोडके जनुक पहिल्याच वर्षी भेटलेले बरे.

शिक्षकांची अडचण मी नाकारत नाही. तिन्ही घटक बहुधा तीन निरनिराळे अध्यापक शिकवतात, परिसंस्थेचा घटक सत्राच्या शेवटी येतो आणि उरलेल्या चार-दोन तासांत अन्नसाखळीची आकृती काढून उरकला जातो. मग तो घटक वाचून समजण्याजोगा आहे असे कोणाला वाटले तर नवल नाही, कारण आपण तो तसाच शिकवलेला असतो. निदान उत्क्रांतीचा घटक सत्राच्या आरंभी घेतला आणि प्रश्नपत्रिकेत अनोळखी प्राण्याच्या मूत्रपिंडाचा छेद देऊन 'हा कुठे राहत असावा, आणि तुमचा अंदाज पक्का करायला आणखी कोणती माहिती हवी' असा एखादा प्रश्न विचारला, तरी पुष्कळ फरक पडेल. माझ्या चाचणीत मी तो विचारतो. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाने त्याला हात लावला नाही आणि 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' अशी तक्रारही झाली.

आणि पाने कमी करायचीच असतील, तर उत्सर्जनाच्या प्रकरणातला तो अमोनोटेलिक, यूरिओटेलिक, यूरिकोटेलिक (अनुक्रमे अमोनिया, युरिया, यूरिक आम्ल सोडणाऱ्या) प्राण्यांचा लांबलचक तक्ता काढून टाकावा. त्याच्या जागी बेडकाचे एकच उदाहरण पुरे आहे: डिंभ (बेडकाचे पिल्लू) पाण्यात असेतो अमोनिया सोडतो, पाय फुटून जमिनीवर आला की यकृतातली विकरे बदलतात आणि तो युरिया सोडू लागतो. तक्त्यातली नावे परीक्षेनंतर किती दिवस टिकतात, हे लेखकाने स्वतःलाच विचारून पाहावे. मी विद्यार्थी असताना ती मला आठवडाभरही पुरली नव्हती.

आपला,
जीवशास्त्राचा एक अध्यापक