मास्कवरून झालेल्या भांडणानंतर (कोरोनाच्या साथीतलं पत्र, २०२०)

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडून म्हणालीस, "बाबा, हे तज्ज्ञ आधी मास्क नको म्हणाले, आता लावा म्हणतात. यांचं यांनाच काही कळत नाहीये." मी गप्प बसलो, कारण मार्चमध्ये मीही हेच बडबडत होतो. तेव्हा मी दारात बसून बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी साबणाच्या पाण्याने पुसायचो. बोटांची सालं निघाली. घराच्या खिडक्या मात्र घट्ट लावलेल्या! आज आठवलं की माझंच मला हसू येतं.

या कोरोना विषाणूशी माणसाची ओळख अजून वर्षाचीही नाही. वुहानमधल्या न्यूमोनियाची खबर जागतिक आरोग्य संघटनेला लागली ३१ डिसेंबर २०१९ ला. त्याचा जनुकीय आराखडा, सुमारे ३०,००० अक्षरांचा, जानेवारीच्या मध्याआधीच सगळ्या जगापुढे आला. लशींचं काम त्यावरूनच लगोलग सुरू झालं. पण तो कसा पसरतो, कधी पसरतो, हे त्या अक्षरांत थोडंच लिहिलेलं असतं? त्यासाठी माणसं आजारी पडताना बघावी लागतात.

म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी त्याच्या थोरल्या भावाकडे, २००३ च्या साथीतल्या सार्स विषाणूकडे बघून अंदाज बांधले. सार्सचा रोगी चांगला आजारी पडल्यावर जास्त संसर्ग पसरवायचा. त्यामुळे ताप बघा, रोग्याला बाजूला काढा, साखळी तुटते. आठ हजारांच्या वर रुग्ण झाले आणि ती साथ आटोक्यात आली. हा धाकटा मात्र लबाड निघाला. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच माणूस तो वाटत फिरतो. काहींना तर शेवटपर्यंत काहीच होत नाही. मग दारावर कपाळाला तापमापक लावून काय पकडणार? ज्याला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नाही, त्याच्याही तोंडावर फडकं हवं. जूनमध्ये संघटनेने मास्कचा सल्ला बदलला, त्यामागे हे मोठं कारण होतं. त्यांनी उशीर केला असं माझंही मत आहे. पण उशीर वेगळा आणि लबाडी वेगळी.

औषधांचंही तेच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला तेव्हा मी त्या गोळ्या आणून ठेवायला निघालो होतो. तुझ्या आईने चप्पल लपवली. पुढे ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर, कुणाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, चाचणी झाली. त्या गोळ्यांचा उपयोग शून्य. उलट डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध कामाचं निघालं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने जवळपास एक तृतीयांशाने घटले. तेही सौम्य आजारात घ्यायचं नाही, हे त्याच चाचणीत कळलं.

जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं, की बंद खोलीत हा हवेत तरंगत राहतो, तिकडे लक्ष द्या. ते वाचलं त्या दिवशी मी बादली आत नेऊन ठेवली आणि खिडक्या उघडल्या. हात मात्र अजूनही धुतो. विषाणूवरचं चरबीचं आवरण साबणाने विरघळतं, ते काही खोटं ठरलेलं नाही.

रविवारी येशील तेव्हा शाल घेऊन ये. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्याच राहतील, आणि तुझी आई थंडीची कुरकुर करणार.

तुझा,
बाबा