मासे धरायचा ठेका आहे, तलावाचा कारभार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की भंडारा-गोंदियाकडच्या मच्छीमार संस्थांची बीजासाठी, म्हणजे तलावात सोडायच्या माशांच्या पिलांसाठी, धावपळ सुरू होते. कटला, रोहू, मृगल वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तलावात नाही. म्हणून बीज दरवर्षी विकत आणायचे, त्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि पुढे मासळी त्याच्याच भावाने द्यायची, हे बऱ्याच ठिकाणी चालते. मरळीसारखे गावरान मासे तलावातच विणतात, त्यांना बीजाचा खर्च नाही. पण त्यांना पाणवनस्पती लागतात. त्या बेशरम या माजणाऱ्या झुडपाने आणि अनुदानाच्या बीजाबरोबर आलेल्या, पाणवनस्पती खाणाऱ्या गवत्या माशाने (ग्रास कार्प) बऱ्याच तलावांतून हटवल्या.

यावर उपाय आहे. अर्जुनी मोरगाव भागात ढीवर या मासेमार समाजातल्या बायांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर तो करून दाखवला. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायचे, तळ नांगरायचा आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या तलावातून आणलेली रोपे चिखलात लावायची, धानाचा रोवणा करतात तशी.

पण संस्थेच्या हाती असतो फक्त मासे धरायचा ठेका. तलावाची मोरी उघडून पाणी कधी सोडायचे ते शेतकरी आणि पाटबंधारेवाले ठरवणार, गाळ कुठून काढायचा ते जेसीबीवाला. ‘गाळमुक्त धरण’ योजनेत तळ सरसकट खरवडला, तर लावलेल्या वनस्पतीही गाळाबरोबर शेतात जाणार. शेतकऱ्याचे पाणी तोडा असे माझे म्हणणे नाही. मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) बांधले गेले तेच मुळी धानासाठी. मात्र माशांपुरते पाणी किती राखायचे आणि गाळ कुठला सोडायचा, हे ठरवताना ढिवरांना बैठकीला बोलवायला काय हरकत आहे?

वनहक्क कायद्याच्या (२००६) कलम ३(१)मध्ये पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क लिहिलेलाच आहे. बांबू-तेंदूचा व्यवहार सांभाळणाऱ्या ग्रामसभा पूर्व विदर्भात आहेत. त्यांच्या हद्दीतल्या तलावांपासून सुरुवात करता येईल. जिल्हा परिषदेच्या तलावांचा ठेका लांब मुदतीचा करावा. आज रोपे लावणाऱ्या संस्थेचा तलाव उद्या दुसऱ्याला गेला, तर पुन्हा चिखलात कोण उतरेल? विणीच्या काळातली जाळेबंदी आणि गवत्या सोडण्यास मनाई ही कलमे करारातच यावीत, आणि रोवणा करणाऱ्या बायांना संस्थेचे सभासदत्व द्यावे.

आपला,
एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)