चतुर्थीतल्या वादानंतर

डिचोली, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी शिडीवर उभा राहून गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या चौकटीला नारळांचा घड बांधत होतो आणि तू खालून एकेक जिन्नस वर देत होतीस. नव्या नोकरीच्या अर्जात 'अपेक्षित वेतन' या रकान्यात ५५,००० लिहिल्याचे तू सांगितलेस आणि मी, हातातली सुंभाची गाठही पुरती न मारता, "आम्ही साडेसहा हजारांत संसार थाटला" असे म्हणून मोकळा झालो. त्यानंतर विसर्जनापर्यंत तू माझ्याशी कामापुरतेच बोललीस. गणपतीसमोर वाद नको म्हणून मीही विषय काढला नाही. तू पर्वरीला परतल्यावर मात्र मी माझ्या त्या वाक्याचा हिशेब कागदावर मांडला आणि तो माझ्याच विरुद्ध निघाला.

१९९८ साली खाणीच्या कचेरीत मला ६,५०० रुपये मिळत. महागाई दरसाल सरासरी सहा टक्के धरली, तर साधारण बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. या हिशेबाने माझे साडेसहा हजार म्हणजे आजचे एकतीस-बत्तीस हजार होतात. तुझ्या हाती सध्या २४,००० पडतात. म्हणजे नुसता बी.कॉम. झालेला तुझा बाप त्या वयात इंजिनिअर झालेल्या तुझ्यापेक्षा अधिक कमवत होता. शिवाय राहायला आजोबांचे घर होते, उकडे तांदूळ घरच्या शेतातले होते आणि नारळ विकत घ्यावा लागतो हे तुझ्या आईला ठाऊकही नव्हते. या वर्षी त्याच माटोळीसाठी आपण पन्नास रुपयांना एक नारळ आणला. तुला खोलीच्या अर्ध्या वाट्यासाठी ९,००० मोजावे लागतात, कारण तेवढीच जागा पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली तर घरमालकाला दुप्पट सुटतात. तेव्हा माझे ते वाक्य मी मागे घेतो.

परंतु तुझे ५५,०००ही मला पटलेले नाहीत, आणि हे मी बाप म्हणून नव्हे, तर कुंडईच्या कारखान्यात दर महिन्याला पगारपत्रक तयार करणारा माणूस म्हणून लिहितो आहे. तो आकडा तू बंगळूरच्या मैत्रिणीकडून घेतलास. तो तिचा 'सीटीसी', म्हणजे मालकाचा तिच्यावर होणारा एकूण खर्च आहे, हातात पडणारा पगार नव्हे, ही गोष्ट तुम्हा दोघींच्याही बोलण्यात कुठे आली नाही. समज, एखाद्या मालकाने तुला महिना ४०,००० चा सीटीसी दिला आणि त्यात मूळ वेतन २०,००० धरले. मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी बारा टक्के, म्हणजे २,४००, त्यातच मोजलेला असतो; ग्रॅच्युइटीचे सुमारे ९६० रुपयेही त्यातच दाखवतात, आणि ते पैसे सहसा पाच वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाहीत. उरलेल्यातून तुझ्या वाट्याचे २,४०० पुन्हा कापले जातात. बँकेत जमा होतात ३४,००० आणि काही रुपये. निधीतले पैसे तुझेच आहेत, बुडत नाहीत, पण त्यांतून खोलीचे भाडे देता येत नाही. त्या ४०,००० मध्ये 'कामगिरीनुसार' देण्याची एखादी रक्कम घुसडलेली असली, तर हातचा आकडा आणखी खाली येतो. ही ओळ बहुतेक मुले वाचतच नाहीत. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांत दहांतला एखादाच मूळ वेतन किती, असे विचारतो.

तुझा खर्च तू मागे सांगितलास तसा मी लिहून काढला: खोली ९,०००, जेवणखाण ७,०००, स्कूटर आणि पेट्रोल २,५००, वीज-फोन २,०००, औषधपाणी व कपडे २,०००. हे झाले २२,५००. एकूण वेतन २१,००० च्या वर गेले की कर्मचारी राज्य विम्याच्या छत्राखाली राहता येत नाही, म्हणून स्वतःचा आरोग्य विमा हवा. आणि काही शिल्लक टाकायची, तर हाती चौतीस हजार पडायलाच हवेत. म्हणून माझे मत असे, की सीटीसी ४५,००० मागावा आणि ४० च्या खाली उतरू नये. ५५ मागायचेच असतील, तर तू त्या कंपनीचे कोणते काम एकटीने सांभाळू शकतेस, हे दाखवायला हवे. गोव्यातल्या लहान कंपनीला बंगळूरचा दर ऐकवून तिचे मन वळत नाही.

तू म्हणशील, बाबा घाबरट आहेत. त्यात तथ्य आहे. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, तेव्हा तू शाळेत होतीस. ट्रकांचे हप्ते थकलेली माणसे आपल्या ओट्यावर येऊन बसत, आणि चार महिने घरी काढल्यावर मला जी नोकरी मिळाली, तिच्या मुलाखतीत साहेबांनी अपेक्षा विचारली असता मी "आपण द्याल ते" असे उत्तर दिले. त्यांनी जुन्या पगाराच्या निम्मा दिला. पुढे सहा वर्षे जी काही वाढ मिळाली, ती त्या निम्म्यावर टक्क्यांनी मिळाली. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस तेच काम करून, केवळ पहिल्या दिवशी तोंड उघडल्यामुळे, कायम माझ्यापुढे राहिला. तुझ्या आईला मी हे आजवर सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस.

बुधवारी तुला बोलावले आहे ना? त्यांनी आधी आकडा विचारला, तर मूळ वेतन किती, बदलती रक्कम किती, हे विचारूनच उत्तर दे. काही लेखी मिळाले, तर शनिवारी कदंबाच्या बसने येताना ते छापून आण. मोबाईलवर ते बारीक रकाने मला दिसत नाहीत. सही त्यानंतर करू.

तुझा,
बाबा