एमराल्ड बेच्या अनामिक मदतनीसांचे आभार

कॅलिफोर्नियातल्या लेक टाहो या तळ्याकाठच्या एमराल्ड बे स्टेट पार्कमध्ये वाट दाखवणाऱ्या, नावं न सांगता निघून गेलेल्या सगळ्यांचे आम्हां मराठी मंडळींकडून मनापासून आभार.

पहिले, अस्वलांपासून खाणं सुरक्षित ठेवायच्या लोखंडी पेटीची कडी दाखवणाऱ्या शेजारच्या तंबूतल्या आजी. खाणं, कूलर तर आत जातंच, पण टूथपेस्ट, सनस्क्रीन आणि (हे हमखास विसरतं) लोणच्याची बरणीसुद्धा. वास आला की अस्वल गाडीचं दारही उघडतं.

व्हायकिंग्सहोमच्या (तळ्याकाठच्या जुन्या हवेलीच्या) वाटेवर पाणी देणारे स्वयंसेवक. जाताना मैलभर नुसता उतार, म्हणून बाटली गाडीतच राहते. येताना तेच सुमारे ५०० फूट चढायचे आणि तळंच मुळात ६,२०० फुटांवर, त्यामुळे धाप लवकर लागते. वर हायवे ८९ वरचं पार्किंग सकाळीच भरतं, हे सांगणारे रेंजर तर देवासारखे.

कुकर उसना देणाऱ्या ताईंचे विशेष आभार! या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला खूपच वेळ लागतो.

आणि दुपारच्या वाऱ्याआधी कयाक (वल्ह्याची छोटी होडी) काठाला आणा, लाइफ जॅकेट काढू नका, पाणी उन्हाळ्यातही गारठवतं, असं बजावणारे काका: तुमचेही.