चष्मा काढला की झाला धीट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मराठी विनोदी चित्रपटांतल्या बुजऱ्या नायकावरचा लेख वाचला. विषय छान, लिहिलाही खुसखुशीत. पण हा नायक आपल्या पडद्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत अवतरला, असा लेखाचा एकूण सूर आहे, तो काही पटला नाही. मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पाहावे करून' काढला, तेव्हाच चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांतला भित्रा चिमणराव दामूअण्णा मालवणकरांच्या रूपानं पडद्यावर आला होता. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तोच चिमणराव घराघरात पोचवला. सोबतीला बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ होताच. चिमणरावांनी घाबरायचं आणि गुंड्याभाऊनं दंड थोपटायचे, ही वाटणी ठरलेली.

'एक डाव भुताचा' (१९८२) या चित्रपटाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचं मात्र जास्त वाईट वाटलं. दिग्दर्शन रवी नमाडे यांचं, लेखन द. मा. मिरासदारांचं, हेडमास्तरांच्या भूमिकेतही स्वतः मिरासदारच. प्रभावळकर गावच्या शाळेतले भिडस्त मास्तर, रंजना त्यांच्या मनात भरलेली, आणि अशोक सराफ म्हणजे शिवकाळातल्या मावळ्याचं भूत. हे भूत फक्त मास्तरांना दिसतं. या एका युक्तीवर चित्रपट उभा आहे. गावाला मास्तरांची बदललेली चाल दिसते, तिच्यामागचा आधार दिसत नाही. आपल्याला दोन्ही दिसतं, म्हणून आपण हसतो. मला विचाराल तर मिरासदारांनी गुंड्याभाऊलाच भूत करून टाकलं. भित्रा माणूस तोच, पाठीराखा तेवढा अदृश्य! आणि गंमत बघा, हेच प्रभावळकर १९९३ साली 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू होऊन लक्ष्मीकांत बेर्डेच्या भोळ्या लक्ष्याचा थरकाप उडवतात.

म्हणजे आपल्याकडे भित्र्या माणसाला धीर मिळायचा तो बहुतेक उसना. त्याला माझी हरकत नाही. जुन्या मंडळींना तो उसना आहे हे ठाऊक होतं आणि विनोदही त्यातूनच निघायचा. तक्रार आहे ती हल्लीच्या सरधोपट चित्रपटांबद्दल. मध्यंतरापर्यंत नायक अडखळत बोलतो, त्याच्या अडखळण्यावर हशे घ्यायचे. मग एक गाणं. गाण्यात सलून, जिम, नवा शर्ट, गॉगल. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी चष्मा गायब. नंबर कुठे गेला, कोण जाणे! शेवटी त्यानं गावगुंडाला बदडलं की झाला धीट. मधलं सगळं, म्हणजे खरं तर जे दाखवायला हवं ते, गाण्यात उरकलेलं.

हे मी जरा अधिकारानं बोलतो, कारण आमच्या सांगलीत हौशी नाटकांना मी बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग केलं आहे, म्हणजे नट अडला की आडून वाक्य सांगायचं. (१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून आमच्या गावाला ही खोड आहे.) विंगेत पुस्तक घेऊन बसलं की माणूस कसा धीट होतो ते फार जवळून दिसतं. आमच्यात एक पोरगा होता, दुकानात हिशेब लिहायचा. तालमीत स्वतःचं नाव सांगतानाही त्याचा आवाज शर्टाच्या खिशात पडायचा. त्याला गड्याचं काम दिलं. वाक्य एकच: 'साहेब, चहा.' वाक्य येत होतं, हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. कधी मागे, कधी खिशात, कधी उगाच कॉलरशी चाळा. शेवटी दिग्दर्शकानं त्याच्या हातात ट्रे दिला, वर काठोकाठ भरलेले कप. पोराचं सगळं लक्ष पाणी सांडू नये याकडे लागलं आणि वाक्य खणखणीत बाहेर पडलं. प्रयोगात ते सांडलंच, साहेबाच्या पँटवर. थिएटर हसलं. विंगेत आला तेव्हा कान लालभडक, पण म्हणतो कसा, "काका, हसली की माणसं!" पुढच्या नाटकात त्यानं आपणहून थोडं मोठं काम मागितलं. थोडंच मोठं, नायकाचं नव्हे. तो आजही लग्नकार्यात मागच्या रांगेत बसतो.

हा मधला भाग पडद्यावर रंगत नाही असं कुणी म्हणेल. हिंदीत बासू चटर्जींनी 'छोटी सी बात'मध्ये (१९७६) त्याचाच चित्रपट केला की! त्यातले अमोल पालेकर आपलेच, 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधून आलेले. खंडाळ्याला अशोककुमारांच्या कर्नलकडे शिकवणी घेऊन ते परततात आणि टेबल टेनिसमध्ये प्रेमातला प्रतिस्पर्धी असरानी याच्यावर कुरघोडी करतात, ती खेळ फार सुधारला म्हणून नव्हे, तर समोरच्याला गोंधळात पाडून. लबाडीच ती, पण शिकून केलेली लबाडी आहे, आणि तीत मजा आहे. मुंबईचा बसस्टॉप, मुंबईचं ऑफिस, खंडाळ्याचा बंगला आणि मराठी नट, एवढं सगळं हाताशी असताना असा चित्रपट मराठीत आधी का झाला नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात मिरासदारांच्या चित्रपटलेखनाला थोडी जागा द्यावी, ही विनंती. त्यांच्या कथा सगळे वाचतात, या कामाकडे सहसा कुणी वळत नाही.

आणि सिनेमावाल्यांपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर त्यांनाही एक सांगणं आहे. पुढच्या बुजऱ्या नायकाला क्लायमॅक्सची मारामारी देऊ नका. त्याला सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून पार्किंगबद्दल एक प्रश्न विचारू द्या, सेक्रेटरीनं दोनदा 'बसा हो' म्हटल्यावरही. त्यासाठी मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

आपला,
एक जुना प्रॉम्प्टर, सांगली