लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नकोस

सातारा,
१२ नोव्हेंबर

प्रिय मोहन,

सप्रेम नमस्कार. तुझ्या जुन्या रेकॉर्डचे फोटो मिळाले. त्या स्वच्छ करून लॅपटॉपवर उतरवायच्या कशा, ते सांगतो. तुझ्या खोक्यात दोन जातींच्या रेकॉर्ड आहेत आणि दोन्हींना एकच वागणूक देऊन चालणार नाही, म्हणून फोनवर उरकण्यापेक्षा लिहायलाच बसलो. जाड, जड, टिचकी मारली की बशीसारखी वाजते ती लाखेची, म्हणजे ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी). पातळ आणि जराशी लवते ती व्हिनाइलची, म्हणजे एलपी.

आधी धुणं. व्हिनाइलला तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब चालतात. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा पुसून घे. लाखेला मात्र स्पिरिटचा थेंबही लागता कामा नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश करतात ते त्याच गुणावर. तिला साबणाचं गार पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडी. बुडवून ठेवायची नाही. फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरव, आडवं नको, आणि मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नकोस.

ज्या पाकिटांवर सांगलीच्या २०१९च्या पुराची रेघ आहे त्या रेकॉर्ड वेगळ्या काढ. गाळ वाळून खाचेत बसलेला असताना सुई टेकवलीस तर तो रगडला जाईल आणि खाच कायमची जाईल. पाकिटाचा कागद चिकटला असेल तर ओल्या फडक्याने मऊ होऊ दे, नखाने खरवडू नकोस.

आता सुई. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एलपीची सुई टोकाला साधारण ०.०१८ मिलिमीटरची, ७८ची साधारण ०.०७५, म्हणजे चौपट जाड. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला जाऊन कचऱ्यावरून घासत चालते आणि नुसती खरखर देते. शिवाय लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, ती बारीक सुई खाते. म्हणून घेणार असशील तर सुई बदलता येणारं आणि टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांड्याचं) वजन लावता येणारं टर्नटेबल घे. सुटकेससारखी दिसणारी स्वस्त यंत्रं मला पसंत नाहीत. त्यांची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाबते आणि वजन कमी करायची सोयच नसते. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२० एक्स यूएसबीवर ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग आहेत, एलपी-६० वर ७८ नाही. १२०च्या मूळ सुईला दोन ग्रॅम वजन लागतं, आणि ७८साठी त्याच काट्रिजवर (दांड्याच्या टोकाच्या, सुई बसते त्या तुकड्यावर) वेगळी जाड सुई सरकवून बसवता येते. खोक्यात चावीच्या ग्रामोफोनच्या पोलादी सुया असतील, त्यांचा इथे काही उपयोग नाही.

वजन लावताना आधी काउंटरवेट (दांड्यामागचं वजन) फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगू दे, मग आकड्याची चकती शून्यावर आण आणि तिथून एलपीच्या सुईला दोन ग्रॅम दे. ‘कमी वजन म्हणजे रेकॉर्ड जपली’ असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरबाडते.

वेग तपासायला स्ट्रोब चकती वापरतात (वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसतात), पण नेटवरून छापून घेतलीस तर ५० हर्ट्झची घे. आपल्या विजेवर ३३ १/३ च्या वेगासाठी १८० रेघा लागतात. २१६ रेघांची चकती अमेरिकेची, ती तुला फसवेल. आणि एलईडी दिव्याखाली ती नीट दिसत नाही, चोकवाली जुनी ट्यूब लागते. तेवढं नसेल तर लेबलवर कागदाचा कपटा ठेव आणि घड्याळ लाव: ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे.

टर्नटेबल माडीवर ठेवू नकोस. लाकडी तक्तपोशीवर कोणी चाललं की धप्प आवाज थेट रेकॉर्डिंगमध्ये येतो. खाली, भिंतीतल्या कडाप्प्यावर ठेव, पातळी तपास, आणि स्पीकर बंद करून हेडफोनवर ऐक. एकसुरी घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव. बहुतेक वेळा तिथेच मिटतं. टर्नटेबलची यूएसबी केबल थेट लॅपटॉपमध्ये घाल, हब नको. हबमुळे मधेच क्षणभर आवाज तुटतो.

ऑडॅसिटीत (लॅपटॉपवरचा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम) इनपुट म्हणून यूएसबीवालं नाव निवड आणि चॅनेल दोन कर, विंडोज कधी कधी एकच देतं. ४४,१०० हर्ट्झ पुरे. एलपीची वीस मिनिटांची बाजू १६ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये साधारण २१० एमबी होते. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलवर राहील अशी पातळी ठेव. लाटेचे माथे सपाट दिसले आणि विंडोजची पट्टी खाली ओढूनही सपाटच राहिले, तर आवाज टर्नटेबलमध्येच कापला जातोय असं समज. गेनचा (आवाज वाढवण्याचा) खटका काही यंत्रांवर तिथेच, पाठीमागे किंवा खाली असतो.

७८चा वेग नसलेलं यंत्र हाती आलं तरी अडत नाही. ४५वर रेकॉर्ड कर आणि ऑडॅसिटीच्या ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये ४५ ते ७८ निवड. सव्वातीन मिनिटांची बाजू साडेपाच मिनिटांच्या वर जाते, पण वाकड्या किंवा चीर गेलेल्या रेकॉर्डवर सुई कमी उडते, म्हणून चांगलं यंत्र असूनही कधी कधी हेच करावं. आवाज मात्र दबका येईल. यंत्रातला प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) १९५४ला ठरलेल्या आरआयएए या ध्वनिसंतुलनाच्या पट्टीने तिखट, म्हणजे उंच सूर खाली ओढतो, आणि तुझ्या ७८ बहुतेक त्याच्या आधीच्या. तिखट बाजू हाताने थोडी वर घ्यावी लागते, कानाने ठरवून. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं १९०५च्या सुमाराचं ध्वनिमुद्रण भोंग्यापुढचं, १९३०च्या दशकातलं मायक्रोफोनवरचं. दोन्हींना एक पट्टी लावलीस तर एक बिघडणारच. त्यांचा आवाज मुळात बारीक, त्यामुळे वेग जरा जास्त झाला तरी लवकर कळत नाही. तिथे तबल्याची थाप ऐक, ती पातळ वाटली की वेग चुकला.

७८ही स्टिरिओतच रेकॉर्ड कर. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असते. नंतर चांगला चॅनेल ठेव, किंवा दोन्ही सारखे असतील तर मोनो कर. उभी घरघर (सुई वरखाली हलल्याने येणारी) त्यात आपोआप मिटते.

मूळ फाइल फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलप्रकार) ठेव आणि तिला हात लावू नकोस. साफसफाई प्रतीवर. ऑडॅसिटीचं क्लिक रिमूव्हल (टक्के काढायची सोय) झांजेचा ठोका नि तबल्याचा ‘ना’ खातं, म्हणून मोठे टक्के एकेक करून ‘रिपेअर’ने काढ, ते एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच (आवाजाचे सूक्ष्म तुकडे) चालतं. नॉइज रिडक्शनचा (खरखर कमी करायच्या सोयीचा) नमुना गाणं सुरू होण्याआधीच्या मोकळ्या खाचेतूनच घे. त्यात तानपुरा आला तर प्रोग्राम त्यालाच खरखर समजून पुसून टाकेल. ६ डेसिबलच्या वर गेलास की गवई पाण्याखालून गातोय असं वाटतं. मी तर ७८ची खरखर बरीचशी राहू देतो.

फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक आणि बाजू टाक, लेबलचा फोटोही सोबत ठेव. पहिल्यांदा न आवडणारी एखादी एलपी घे आणि तिच्यावर हात बसव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर

ता. क. रेकॉर्ड उभ्या ठेव, आडव्या रचू नकोस. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, सांगलीच्या एप्रिलात व्हिनाइलची पोळी होते.