कूफॅक्स वेळीच थांबला

महोदय,
वेगवान गोलंदाजांच्या दुखापतींची चर्चा सुरू झाली की मला बेसबॉलमधला सँडी कूफॅक्स आठवतो. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या या डावखुऱ्या पिचरने (म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजाने) १९६६ च्या मोसमात २७ विजय मिळवले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. कोपराला संधिवात झालेला, इंजेक्शनं घेऊन खेळणं चाललेलं. उरलेल्या आयुष्यात हात धड राहावा, एवढंच त्याचं म्हणणं. १९७२ मध्ये तो बेसबॉलच्या महान खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता, आजवरचा सर्वांत तरुण! पुढे टीव्हीवर समालोचन केलं, ते मानवलं नाही. डॉजर्सच्या नवोदितांना पिचिंग शिकवण्यात मात्र रमला. प्रसिद्धीपासून कायम चार हात दूर. आपल्याकडे निवृत्त खेळाडूंच्या हातून माइक सुटत नाही, म्हणून हे जरा जास्तच जाणवतं.

— एक क्रीडाप्रेमी वाचक, ठाणे